चार ओळींचा पाया

सोमवार, ८ फेब्रुवारी २०१०. सकाळी ९
नवी वही. कोचिंग क्लासचा राजीनामा देऊन आज तीन आठवडे झाले. (मागितला त्यांनी होता, पण दिला मी.) अखेर माझ्या लायकीचं काम चालत घरी आलं.

काम आणलं लोकेशने. माझ्या बायकोचा, नीलिमाचा, धाकटा भाऊ. रायपूरच्या कडेला उरल्यात सळया काढणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये डिस्पॅचला बसतो, म्हणजे माल रवाना करतो. सळयांचा गठ्ठा बांधला की त्याला तारेने एक टॅग लावतात. किती एमएम, किती नग, भट्टीच्या कोणत्या हीटचा (घाण्याचा) माल, तारीख. चार ओळी. मजूर हाताने लिहितात, तेही धुळीत आणि घाईत. मागच्या महिन्यात बारा एमएमच्या गठ्ठ्यावर सोळा लिहिलं गेलं आणि ट्रक बिलासपूरहून भरलेलाच परत आला. मालक हिरालाल शेठ लोकेशला म्हणाले, ३० एप्रिलपर्यंत छापील टॅग सुरू कर, नाहीतर डिस्पॅचला दुसरा माणूस बसेल आणि तू भट्टीवर.

लोकेशला लहानपणापासून दमा. मे महिन्यात रायपुरात भट्टीवर म्हणजे काय, ते वहीत लिहायला नको.

तर लोकेशने शेठला सांगून टाकलं, हमारे जिजाजी कम्प्यूटर इंजीनियर हैं. मी डिप्लोमा आहे. पण पोट्टा इतक्या विश्वासाने बोलला होता की दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

३० एप्रिलला ८१ दिवस. चार ओळींना ८१ दिवस! संकल्प : घाई करायची नाही. आधी पाया.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
इंटरनेटवर सीमेक सापडलं. आयुष्यात उशिराच सापडलं म्हणायचं. एका साध्या फाइलमध्ये लिहायचं की आपला प्रोग्राम कशाकशापासून बनतो. मग सीमेक त्यावरून तयार प्रोजेक्ट काढून देतं. विंडोजवाल्याला विंडोजचा, लिनक्सवाल्याला लिनक्सचा, मॅकवाल्याला मॅकचा. ज्याने त्याने आपल्या सॉफ्टवेअरात उघडायचा आणि बटण दाबायचं.

मिलमध्ये कॉम्प्युटर एकच आहे. विंडोजचा, जुना. पण आज आहे म्हणून उद्याही तोच राहील का?

संध्याकाळी नीलिमा रेल्वेच्या ऑफिसातून आली तेव्हा समजावून सांगितलं. मापं एकदाच लिहून ठेवायची, मग गावोगावचे शिंपी आपापल्या मशीनवर तोच शर्ट शिवतील. तिने विचारलं, "आणि कापड?" मी म्हणालो, कापड म्हणजे प्रोग्राम, ते मागून. ती "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. तिला पटलं.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी
सीमेक टाकलं. प्रोग्राम म्हणून सध्या एक ओळ लिहिली, स्क्रीनवर 'नमस्कार उरला' दिसावं म्हणून. मग जनरेटचं बटण दाबलं. क्षणात फोल्डर भरून गेलं. चाळीसेक फाइली! मी फक्त दोन लिहिल्या होत्या. हा वेग कोचिंगवाल्यांना दाखवायला पाहिजे होता.

दुपारी ४. पसारा फार झाला म्हणून साफसफाई केली. त्यात माझ्या दोन फाइलीही गेल्या. वेबवर लिहिलं आहे की तयार होणारा माल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये काढावा. पहिल्याच पानावर लिहिलं आहे. पहिलं पान मी सहसा सोडतो, ते नवशिक्यांसाठी असतं.

रविवार, २१ फेब्रुवारी
दोन फाइली पुन्हा लिहिल्या. (नऊ दिवस लागले, कारण मध्ये फोल्डरला नाव सुचत नव्हतं.)

आज लोकेश आला. एक जुना टॅग नमुना म्हणून आणला होता, काळा पडलेला. म्हणाला, जिजाजी, बस ये चार लाइन छापना है. मी त्याला प्रोजेक्ट उघडून दाखवला. माझ्या एका प्रोजेक्टच्या जागी तिथे तीन दिसत होते : माझा, एक 'ऑल बिल्ड' नावाचा, आणि एक 'झिरो चेक'. बाकीचे दोन सीमेकने आपणहून दिले होते. मी म्हणालो, बघ, काम तिप्पट झालं. तो म्हणाला, वा. मग मी रन केलं. तर म्हणे 'ऑल बिल्ड' सुरू करता येत नाही, ॲक्सेस डिनाइड. माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरवर.

लोकेशने विचारलं, इसमें बारह एमएम कहाँ लिखेंगे? मी म्हणालो, आहिस्ता. तो चहा पिऊन गेला. जिन्यात बराच वेळ खोकत होता. आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, रस्त्याचं काम सुरू आहे, त्याची धूळ.

बुधवार, २४ फेब्रुवारी
'ऑल बिल्ड'चं समजलं. आपला प्रोजेक्ट निवडून त्याला मुख्य करायचं असतं, बस. तीन दिवस गेले. पण हे आता कधी विसरणार नाही.

शनिवार, ६ मार्च
होळीचे दोन दिवस गेले, रंग काढण्यात एक गेला. संकल्प : आजपासून रोज सहा तास.

आज लिनक्सवाल्यांसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट काढायला गेलो. त्याच फोल्डरमध्ये. सीमेक म्हणालं, आधी इथे दुसऱ्या प्रकारचा प्रोजेक्ट काढला होता, तो या प्रकाराशी जुळत नाही. अरे बाबा, तेच तर बदलून राहिलो! ते ऐकत नाही. त्याची एक कॅश नावाची फाइल असते, त्यात सगळं लक्षात ठेवतं. नीलिमाला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं हाय. घरात एकाच्या तरी लक्षात राह्यते."

मंगळवार, ९ मार्च
कॅश खोडून टाकली, चाललं. हुरूप येऊन फोल्डरचं नाव 'उरला फायनल' केलं. आता कॅश म्हणते, ज्या फोल्डरमध्ये मी जन्मले ते हे नाही. पुन्हा खोडली.

गुरुवार, १८ मार्च
नीलिमाच्या ऑफिसातल्या एका दीदीने रायपूरबाहेर वसत असलेल्या नव्या राजधानीकडे प्लॉट घेतला आहे. नीलिमाने सुट्टी काढली, स्कूटरवर बघायला गेलो. काय रस्ते! सहा पदरी, मधोमध झाडं, दिव्यांचे खांब रांगेत. माणूस एकही नाही. दूर एक गाय. मी गाडी थांबवून नीलिमाला म्हणालो, बघ, सरकार काय करून राहिलं? आधी रस्ते, वीज, नाल्या. माणसं मागून येतील. माझं कामही नेमकं असंच सुरू आहे. ती म्हणाली, "सरकारले काय घाई हाय? सरकारचा भाऊ थोडीच भट्टीवर जाते."

घरी येईपर्यंत तोंड दुसरीकडे करून बसली. वारं तोंडावर होतं म्हणून असेल.

सोमवार, २२ मार्च
दुसरा ट्रक परत आला. दुर्गहून. आठ एमएमच्या जागी दहा. टॅग लोकेशने नाही, मजुराने लिहिला होता. पण सही लोकेशची. शेठ सगळ्यांसमोर बोलले. म्हणाले, तुम्हारे इंजीनियर साहब क्या कर रहे हैं?

हे लोकेशने मला नाही, नीलिमाला फोनवर सांगितलं. तिने मला सांगताना भाजी चिरणं थांबवलं नाही.

मनाला फार लागलं. असं वाटलं की आत्ता बसावं आणि चार ओळी छापणारं काहीतरी करून टाकावं. दोन तासांचं काम आहे. तसं बसलोही. पण मग विचार केला की दुःखाच्या भरात केलेलं काम कच्चं होतं. शिवाय मॅक राहिलाच होता.

बुधवार, २४ मार्च
मॅकचा प्रोजेक्ट विंडोजवर काढता येत नाही. त्यासाठी मॅकच लागतो. रायपुरात मॅक कोणाकडे?

दुपारी. शंकर नगरात शामराव लग्नाचे अल्बम करतात, त्यांच्या स्टुडिओत एक आहे! खरमास सुरू, लग्नं बंद, मॅक रिकामा. ग्रह जुळून आले.

शनिवार, २७ मार्च
सलग तीन दिवस शामरावांकडे. त्यांना वाटलं मी कोणाचा अल्बम ठरवायला आलो. खरं सांगितलं तरी बसू दिलं, सज्जन माणूस. त्यांनी कपाटातून मॅकची मूळ डिस्क शोधून दिली, तिच्यातून सगळं टाकलं, आणि आज सकाळी अकराला मॅकचा प्रोजेक्ट तयार! शामरावांनी बायकोला हाक मारून बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एक छोटं निळं चित्र होतं. तिने विचारलं, "याच्यात काय हाय?" मी म्हणालो, सध्या 'नमस्कार उरला'. ती म्हणाली, नमस्कार, आणि गेली.

शामरावांनी विचारलं की उरल्याच्या मिलमध्ये मॅक आहे का. मी म्हणालो, नाही. मग काहून? मी हसलो. प्रत्येकाला सगळं समजावता येत नाही.

विंडोज, लिनक्स, मॅक. पाया पूर्ण. अजून ३४ दिवस.

शनिवार, १० एप्रिल
४१ डिग्री. कूलरमध्ये पाणी भरणं हेच एक काम होऊन बसलं आहे. प्रोग्राम सुरू करणार होतो. पण सीमेकची नवी आवृत्ती आल्याचं दिसलं. जुन्यावर नवं काम करणं बरं नव्हे.

बुधवार, १४ एप्रिल
जयंती. सकाळी सगळे वंदनेला, मग मिरवणुकीत. पांढरा शर्ट घातला. जो भेटेल तो विचारत होता, धर्मपालभाऊ, आजकाल काय करून राहिले? मी म्हणालो, स्टीलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर, तिन्ही प्लॅटफॉर्मवर. एका काकांनी पाठ थोपटली. म्हणाले, आपला माणूस असा पुढे गेला पाहिजे. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभा होतो. तिथे उभं राहून 'तसं अजून काही झालं नाही' असं कसं म्हणणार?

लोकेश शेजारीच होता. गर्दी सरल्यावर म्हणाला, जिजाजी, एक टॅग छाप के दे देते, शेठ को दिखाने के लिए. एक भी चलेगा. मी म्हणालो, छपाई सगळ्यात शेवटी. तो "हव" म्हणाला. छत्तीसगढी 'हव' फार वाईट शब्द आहे, त्याच्यात हो असते की नाही तेच कळत नाही.

मंगळवार, २० एप्रिल
नीलिमा ऑफिसातून आली आणि पर्स न ठेवताच म्हणाली, "मी एक्सेलमधून लिफाफ्यांवर पत्ते छापतो रोज. तसेच टॅग छापले तर? एका दुपारी होऊन जाईल. मी रविवारी लोकेशसोबत जातो."

मी म्हणालो, हे तू माझ्यावर अविश्वास दाखवून राहिली. ती म्हणाली, नाही, मी भावाचं पाहून राहिलो. मी म्हणालो, अर्धवट जुगाड शेठला दाखवला तर माझी काय इज्जत राहील? तिने पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "ठीक हाय. तुमचं नाव लोकेशनेच सांगितलं हाय तिथं. तुम्हीच करा."

जिंकलो. जेवण गेलं नाही.

रविवार, २५ एप्रिल
आज खरंच सुरुवात केली. सकाळी सातला अंघोळ करून बसलो. चार चौकोन, प्रत्येकात एक ओळ लिहायची, खाली छपाईचं बटण. दुपारी एकला चौकोन दिसले. कोचिंगला मी हे दुसऱ्या आठवड्यात शिकवायचो. इतकं सोपं होतं हे पाहून आनंद व्हायला हवा होता; मी उठून कूलरमध्ये पाणी भरलं. जास्त विचार केला नाही.

गुरुवार, २९ एप्रिल. सकाळी ११.४०
झालं! बिल्ड यशस्वी, एक पास, नापास शून्य. घरच्या प्रिंटरवर पहिला टॅग निघाला. १२ एमएम, ४० नग, हीट नंबर, तारीख. सरळ, स्वच्छ. नीलिमाला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, "खरंच?" मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हणालो, मी सांगत होतो ना.

पेनड्राइव्हवर घेतलं. तिन्ही प्रोजेक्ट घेतले, मॅकचासुद्धा.

शुक्रवार, ३० एप्रिल. संध्याकाळी ७
नीट लिहितो.

दहाला उरल्याला पोचलो. मिलचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. पलीकडे लाल सळया सापासारख्या निघत होत्या, आवाज इतका की ओरडूनच बोलायचं. हिरालाल शेठ स्वतः आले. त्यांनी मला इंजीनियर साहब म्हणून खुर्ची दिली. लोकेश दारात, नवा शर्ट घालून.

पेनड्राइव्ह लावला. प्रोग्रामवर दोनदा क्लिक केलं. एक खिडकी आली : ॲप्लिकेशन सुरू होऊ शकलं नाही, कॉन्फिगरेशन बरोबर नाही.

पुन्हा केलं. तेच.

कारण मला लगेच समजलं, हेच वाईट. घरी मी तो डीबगचा बिल्ड केला होता. तो फक्त बनवणाऱ्याच्या मशीनवर चालतो, जिथे त्याचं सगळं सामान असतं. दुसरीकडे न्यायचा तर रिलीज बिल्ड काढायचा असतो. वर एका पट्टीत डीबगच्या जागी रिलीज निवडायचं. एवढंच. ८१ दिवस ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी म्हणालो, इथेच पुन्हा बिल्ड करतो. पण त्याला लागणारं सॉफ्टवेअर उतरवायला मशीनवर इंटरनेट नाही. सीडीचा कप्पा उघडत नाही. मी म्हणालो, घरी जाऊन दोन तासांत येतो. शेठनी घड्याळ पाहिलं. रायगडचा ट्रक भरून उभा होता, टॅग लागायचे होते, ड्रायव्हर हॉर्न देत होता. शेठ मला म्हणाले, "आपका ये लिनक्स-विनक्स में चलता है?" म्हणजे लोकेशने त्यांना सगळं सांगितलं होतं, अभिमानाने. मी म्हणालो, चलता है. ते म्हणाले, "यहाँ नहीं चलता." रागाने नाही बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

लोकेश कोरे टॅग आणि मार्कर घेऊन गठ्ठ्यांकडे गेला. तिथली धूळ आणि ऊन. थोड्या वेळाने तो गठ्ठ्यांमध्ये वाकून बसलेला दिसला, छातीला हात लावून. दम्याचा पंप खिशातून निघत नव्हता. मी धावलो. पंप काढून दिला, सावलीत बसवलं. मग ते टॅग मीच उचलले. दुसरं काय करणार? मजूर आकडे सांगत गेला, मी लिहीत गेलो. ९६ टॅग. दीड तास. शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं, एक-एक अक्षर सुटं. सत्त्याण्णवाव्याचा आकडा विचारला तर गठ्ठे संपले होते.

शेठनी एक टॅग हातात घेऊन उन्हात धरला. म्हणाले, "राइटिंग तो एकदम छापे जैसी है."

मंगळवार, ४ मे
ट्रक परत आला नाही. शेठनी बोलावलं. वाटलं, प्रोग्रामला अजून मुदत देतील. रिलीज बिल्ड पेनड्राइव्हवर घेऊनच गेलो होतो.

त्यांनी पेनड्राइव्हकडे पाहिलंही नाही. म्हणाले, कल से आप बैठो डिस्पॅच में. टॅग आप लिखोगे, सही आपकी. कम्प्यूटर-वम्प्यूटर रहने दो. मी विचारलं, आणि लोकेश? ते म्हणाले, जो बोला था सो बोला था. भट्टी पे आदमी कम है.

मी म्हणालो, असं नाही चालणार. म्हणजे, म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, सोच के बताता हूँ.

बाहेर लोकेश उभा होता. त्याला आधीच माहीत होतं. म्हणाला, आप नहीं बैठेंगे तो कोई और बैठेगा, मैं तो वहीं जाऊँगा. बैठ जाइए जिजाजी, दीदी पे अकेले घर चल रहा है.

नीलिमाला सांगितलं. वाटलं ओरडेल, माहेरी जाईल, काहीतरी करेल. तिने विचारलं, किती वाजता निघावं लागेल?

शनिवार, ८ मे
ड्युटीचा चौथा दिवस. १७४ टॅग. ४४ डिग्री. अंगठा सुजला आहे.

नीलिमा सकाळी दोन डबे भरते आणि दोन्ही माझ्याकडे देते. एकला जेवणाची सुट्टी झाली की दुसरा घेऊन मी भट्टीच्या बाजूला जातो. दारातच थांबतो, आतली झळ सोसत नाही. आज लोकेश दहा मिनिटांनी आला. तोंडावर ओला गमछा, डोळे लाल. डबा घेतला. माझ्या हाताकडे पाहिलं आणि गमछा खाली करून विचारलं, "जिजाजी, दिनभर लिख के हाथ दुखता होगा ना?"

मी म्हणालो, नाही रे.

तो "हव" म्हणाला आणि आत गेला.